हिरवं टोक, निळं टोक : फायबरच्या पॅच कॉर्डबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी घरातल्या वायफायबद्दल लिहिलं होतं, त्यावर आलेली निम्मी पत्रं वायफायची नव्हतीच, ती भिंतीतल्या डबीपासून मोडेमपर्यंत जाणाऱ्या बारीक पिवळ्या वायरीची होती. म्हणून या वेळी फक्त तिच्याबद्दल, म्हणजे पॅच कॉर्ड आणि तिच्या टोकाचे कनेक्टर.

प्रश्न : आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो. दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीचं युनिट सरकवलं आणि मोडेममागची पिवळी वायर टोकाशी मोडली. केबलवाले दोन दिवस येतो येतो म्हणत होते, मग मुलाने बाजारातून तशीच पिवळी वायर आणून लावली. बसली बरोबर. पण नेट येतं-जातं आणि एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा मधूनच लुकलुकतो. जुन्या वायरीची टोकं हिरवी होती, हिची निळी आहेत. नुसत्या रंगाने काय फरक पडतो? — एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमच्या घरात बिघडलंय ते त्या रंगापायीच बिघडलंय. जुनी मोडकी वायर टाकली नसेल तर तिचं धड टोक हातात घ्या, टोपी काढा आणि उजेडात आडवं धरून बघा, मधे एक पांढरी चिनीमातीसारखी दांडी दिसेल, तिला फेरूल म्हणतात. ती अडीच मिलिमीटर जाड असते, तिच्या बरोबर मध्यातून 125 मायक्रॉनची काच जाते आणि त्या काचेच्याही पोटातल्या साधारण 9 मायक्रॉनच्या वाटेने तुमचं सगळं नेट धावतं. डोक्याचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. आता नवीन निळं टोक शेजारी धरा. निळ्याचं तोंड सरळ आहे, किंचित घुमटासारखं, त्याला यूपीसी म्हणतात. हिरव्याचं तोंड 8 अंशांनी तिरकं घासलेलं असतं, ते एपीसी. नीट बघितलं तर नुसत्या डोळ्यालाही तो तिरकेपणा कळतो.

हे तिरकं कशासाठी, तर दोन काचा जिथे भेटतात तिथून थोडा उजेड उलटा फिरतो आणि तोंड सरळ असेल तर तो आल्या वाटेने थेट लेझरकडे जातो, तिरकं असेल तर बाजूला निघून जातो. परत फिरणारा उजेड किती कमी आहे ते सांगणाऱ्या आकड्याला रिटर्न लॉस म्हणतात, तो डीबीत म्हणजे डेसिबलमध्ये मोजतात. चांगल्या निळ्या टोकाचा रिटर्न लॉस 50 डीबीच्या पुढे असतो, हिरव्याचा 60 च्या पुढे, आणि इथे आकडा जितका मोठा तितकं परत येणं कमी. घरच्या फायबरमध्ये एकाच काचेतून 1490 नॅनोमीटरवर नेट खाली येतं, 1310 वर तुमच्याकडून वर जातं आणि काही ठिकाणी 1550 वर केबल टीव्हीही त्यातूनच येतो. या टीव्हीच्या सिग्नलला उलट्या उजेडाचा फार त्रास होतो, म्हणून घरगुती लाइनवर हिरवं टोक इतकं दिसतं.

अडचण अशी की दोन्हीचं बाहेरचं प्लास्टिक एकाच मापाचं, दोन्ही एससी नावाच्या चौकोनी प्रकारचीच, त्यामुळे हिरव्या भोकात निळं टोक टक्क करून बसतं आणि माणसाला वाटतं झालं काम. आत मात्र एक तोंड सरळ आणि एक तिरकं, मधे हवेची फट राहते, उजेड तिथे फाकतो आणि सांडतो. शिवाय टोक टोकावर दाबलं जाऊन ओरखडा पडायची भीती वेगळीच.

तेव्हा दुकानात जायच्या आधी दोन्ही बाजू बघा, भिंतीतल्या डबीचा कपलर (टोक खुपसायचं भोक) कुठल्या रंगाचा आणि मोडेमचा पोर्ट कुठल्या रंगाचा. दोन्ही हिरवे असतील तर दोन्ही टोकं हिरवी. पण बऱ्याच घरांत डबी हिरवी आणि मोडेम निळा असतो, मग एक टोक हिरवं एक निळं अशी कॉर्ड लागते आणि ती मिळते, दुकानदाराला सांगायचं 'एससी एपीसी टू एससी यूपीसी, सिंगल मोड, सिम्प्लेक्स', सिंगल मोड म्हणजे ती 9 मायक्रॉनच्या वाटेची काच आणि सिम्प्लेक्स म्हणजे एकाच धाग्याची. रंग ही सगळ्यांनी पाळायची रीत आहे, पण हलक्या मालात कधीतरी चुकीची टोपणंही दिसतात, म्हणून कुठेही न जोडलेल्या कॉर्डच्या फेरूलचं तोंड आडवं धरून बघायची सवय लावा.

कॉर्ड बदलली की मोडेमच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर नावाचा आकडा शोधा, म्हणजे मोडेमपर्यंत किती उजेड पोचतोय ते. तो उण्यात असतो, साधारण उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या (उजेडाच्या ताकदीचं माप) मधे मोडेम चालतो, पण उणे 26 म्हणजे कड्यावर उभं राहणं. उणे 15 ते उणे 24 मधे असला की मला बरं वाटतं. आणि केबलवाला आला की त्याला सांगा की मधे निळं टोक लावलं होतं, लपवू नका, म्हणजे तो डबीच्या आतलं टोक साफ करेल, ओरखडा दिसला तर पिगटेल (एकाच बाजूला कनेक्टर असलेला छोटा धागा) बदलेल. शहरात कुठे खोदकामात बाहेरची केबल तुटून जोडली गेली असेल तर तिथेही थोडा डीबी गेलेला असतो, तोही त्याला तपासायला सांगा.

प्रश्न : अंबडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. दोन शेडमध्ये 180 मीटर अंतर, आधीच्या मालकाने टाकलेली फायबर आहे, तिचं वरचं आवरण नारिंगी आहे. आम्ही नवीन स्विच घेतले, त्यात एसएफपी (स्विचमध्ये खुपसायची फायबरची मॉड्यूल) टाकले, दुकानदाराने पिवळ्या पॅच कॉर्ड दिल्या. लिंक एका बाजूला लागते, दुसऱ्या बाजूला लागत नाही किंवा लागून तुटते. केबल खराब आहे का? — एक वर्कशॉपमालक

उत्तर : दादा, केबल खराब आहे म्हणून उकरायला घेऊ नका, आधी हे वाचा. नारिंगी म्हणजे बहुतेक जुनी मल्टीमोड आणि पिवळी म्हणजे सिंगल मोड, या दोघींचं एकमेकींशी जमत नाही. दोन्हींची बाहेरची काच 125 मायक्रॉनचीच, म्हणून कनेक्टर हसतखेळत बसतात, पण आतली उजेडाची वाट पिवळीत 9 मायक्रॉन आणि नारिंगीत 50 किंवा 62.5. आता गोदावरी कालव्याचं पाणी ठिबकच्या नळीत सोडायचं म्हटलं तर काय होईल. नळीतून कालव्यात पाणी आरामात जातं, उलटं नाही. 50 मधून 9 मध्ये उजेड जाताना क्षेत्रफळाच्या हिशोबाने जेमतेम 3 टक्के आत शिरतो, म्हणजे साधारण 15 डीबी गेले, 62.5 असेल तर 17 च्या जवळ. दर 3 डीबीला उजेड निम्मा होतो हे लक्षात घेतलं की 15 किती भयंकर आहे ते कळेल. लिंक कधी लागते कधी तुटते ती यामुळेच.

आता करायचं काय. शेडमधल्या एलआययू बॉक्सपाशी, म्हणजे केबल जिथे येऊन संपते त्या डब्यापाशी, जा आणि नारिंगी केबलच्या अंगावर छापलेलं वाचा, धूळ पुसावी लागेल. मल्टीमोडचे दर्जे ओएम1, ओएम2 असे मोजतात, 62.5/125 लिहिलं असेल तर ती ओएम1, 50/125 असेल तर बहुतेक ओएम2. रंगावरून हे दोन ओळखता येत नाहीत, दोन्ही नारिंगीच असतात. त्यापुढची ओएम3 फिकट निळसर-हिरवी म्हणजे अ‍ॅक्वा, ओएम4 अ‍ॅक्वा किंवा जांभळट गुलाबी, ओएम5 पोपटी. जी केबल निघेल त्याच मापाच्या पॅच कॉर्ड घ्या आणि एसएफपीसुद्धा मल्टीमोडचेच, 850 नॅनोमीटरवाले. ओएम1 वर 1 गिगाबिट 220 ते 275 मीटरपर्यंत चालतं, त्यामुळे तुमच्या 180 मीटरला ते पुरेल. पण उद्या 10 गिगाबिट करायचं म्हणाल तर ओएम1 वर ते 33 मीटरला आणि ओएम2 वर 82 मीटरला संपतं, ओएम3 वर 300 आणि ओएम4 वर 400 मीटर जातं.

माझं सरळ मत विचाराल तर आज चालू द्या, पण पुढच्या वेळी शेडमधला रस्ता कशासाठीही उकरला की त्याच चरात सिंगल मोड टाकून घ्या, किमान सहा कोअर म्हणजे सहा धागे. काच स्वस्त असते, खरा पैसा चर खणण्याला जातो आणि सिंगल मोडला पुढची कित्येक वर्षं बदलावं लागत नाही, फक्त दोन्ही टोकांचे एसएफपी बदलायचे.

अजून एक, तुमच्या एसएफपीला छोटं एलसी टोक लागतं, त्याचं फेरूल सव्वा मिलिमीटरचं, आणि जुन्या एलआययूला बहुतेक एससी किंवा फिरवून बसवायचं एसटी असेल, तेव्हा कॉर्ड दोन वेगळ्या टोकांची लागेल, ते आधी बघून जा. दोन धाग्यांची म्हणजे ड्युप्लेक्स कॉर्ड असेल तर इकडचा टीएक्स (पाठवणारा) तिकडच्या आरएक्सला (घेणाऱ्याला) पोचला पाहिजे, लिंक लागत नसेल तर एका बाजूची दोन टोकं अदलाबदल करून बघायला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : मी नाशिकरोडला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुट्टीत एका केबल नेटवाल्या दादांबरोबर कामाला जातो. ते टोक शर्टाला पुसून लावतात आणि चालतं पण. खरंच एवढं साफ करावं लागतं का? आणि फास्ट कनेक्टर (जागेवर हाताने बसवायचा) वापरावा की स्प्लायसिंगच (काच वितळवून जोडणं) करावं? — एक विद्यार्थी

उत्तर : मित्रा, तुझ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार होतो, कारण शर्टाला पुसणारे हात मी रोज बघतो आणि प्रत्येक वेळी जीव कळवळतो.

सातपूरच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. पावसाळ्यातली रात्र, सर्व्हर रूम ते मशीन शॉप अशी लिंक तुटत होती, आम्ही एसएफपी बदलला, स्विच बदलला, पोर्ट बदलला, तीन तास गेले. पॉवर मीटर उणे 27 दाखवत होता. शेवटी कॅमेऱ्याचा प्रोब लावून टोक स्क्रीनवर बघितलं. करड्या चकतीवर मधोमध तो बारीक ठिपका दिसायला हवा, तर तिथे चंद्रकोरीसारखा तेलाचा ओघळ आणि त्यात रुतलेले दोन काळे कण. मशीन शॉपमधलं कटिंग ऑइल कुणाच्या तरी अंगठ्यावरून तिथे आलं होतं. वन-क्लिक क्लीनर दोनदा दाबला, परत बघितलं, चकती आरशासारखी. मीटर उणे 21. सहा डीबी म्हणजे चारपट उजेड, आणि तो अडवून धरला होता एका बोटाच्या ठशाने.

ही काच एवढी स्वच्छ करायला माणसांनी किती खपलंय ते तुला माहीत असायला हवं. 1966 मध्ये शास्त्रज्ञ चार्ल्स काओ यांनी मांडलं की उजेड मरतो तो काचेच्या स्वभावामुळे नाही तर काचेतल्या अशुद्धीमुळे, ती काढली तर किलोमीटरला 20 डीबीच्या खाली येता येईल. 1970 मध्ये कॉर्निंग या काचेच्या कंपनीने 17 करून दाखवलं, काओ यांना 2009 मध्ये नोबेल मिळालं आणि आज तू ओढतोस त्या केबलमध्ये 1310 ला किलोमीटरमागे 0.35 डीबीच्या आसपास जातो, 1550 ला 0.2 च्या आसपास. काचेच्या आतली घाण त्यांनी काढली, टोकावरची काढणं आपल्या हातात आहे.

रीत अशी ठेव, आधी बघ, मग कोरडं पुस, मग परत बघ. नाही निघालं तर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या पुसण्यावर अगदी थोडं घे, एकाच दिशेने ओढ, मागेपुढे घासू नकोस, आणि लगेच कोरड्या भागावर ओढ. तोंडाने फुंकू नकोस, वाफ बसते. शर्टावर तर धूळ, घाम, साबण सगळंच असतं. आणि नेहमी दोन्ही बाजू पुसायच्या, कपलरच्या आतलं टोकसुद्धा, नाहीतर तिकडची घाण इकडे छापली जाते. एससीचा क्लीनर अडीच मिलिमीटरचा, एलसीचा सव्वाचा, दोन वेगळे घ्यावे लागतात.

बघायचं म्हणजे नेहमी कॅमेऱ्याच्या प्रोबने, उघड्या डोळ्याने टोकात कधीच डोकावू नकोस. 1310 आणि 1550 चा उजेड डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे अंधार आहे म्हणजे लेझर बंद आहे असं नसतं.

फास्ट कनेक्टर वाईट नाही. पावसात, शिडीवर, रात्री आठ वाजता गिऱ्हाइकाचं नेट चालू करायचं तर तोच कामाला येतो. पण चांगल्या स्प्लाइसमध्ये 0.05 डीबीच्या आसपास जातं आणि फास्ट कनेक्टरमध्ये 0.3 ते 0.5 सहज, शिवाय आतली जेल आणि पकड ऊन-थंडीने हलते. आपल्याकडे मे महिन्यात चाळिशी आणि निफाडकडे जानेवारीत एक आकडी तापमान, तो सांधा वर्षभर आकसतो-फुगतो. म्हणून तात्पुरता लावलास तर वहीत लिहून ठेव आणि पुढच्या आठवड्यात पिगटेल स्प्लाइस करून ये. दोन्हीत खरं काम क्लीव्हरचं, म्हणजे काच सरळ कापणाऱ्या हत्याराचं असतं, पातं बोथट असेल तर कितीही महाग कनेक्टर लाव. आणि तुटलेले काचेचे तुकडे डबीत टाक, जमिनीवर नको, लोकांच्या घरात लहान मुलं रांगतात.

प्रश्न : दिंडोरीजवळ आमचं द्राक्षांचं पॅक हाउस आहे. गेटवरचे कॅमेरे 600 मीटरवर, फायबर टाकून दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल लॅनच्या वायरीत बदलणारे डबे) लावलेत. एका बाजूचा कन्व्हर्टर जळाला म्हणून दुसऱ्या बाजूसारखाच आणला, तर लिंकच लागेना. दुकानदार म्हणतो 15 मीटरच्या कॉर्डमुळे सिग्नल पडतो, 2 मीटरची घ्या. — एक बागायतदार

उत्तर : काका, दुकानदाराचं म्हणणं बरोबर नाही. 15 मीटर काचेत 0.005 डीबी जातो, म्हणजे काहीच नाही. कॉर्डमध्ये जे जातं ते टोकांवर जातं, चांगल्या टोकाला 0.2-0.3.

तुमचा घोटाळा 'दुसऱ्या बाजूसारखाच आणला' यात आहे. एका धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर जोडीने येतात, ए आणि बी. ए 1310 वर बोलतो आणि 1550 वर ऐकतो, बी नेमकं उलटं. दोन्हीकडे ए लावलात तर दोघंही 1310 वर बोलतायत आणि 1550 ला कान लावून बसलेत. डब्याच्या मागे टीएक्स किती ते छापलेलं असतं, ते बघून बदलून आणा.

हिशोब म्हणाल तर 600 मीटर काच 0.2 डीबी, चार टोकं धरली तर 1.2, चार स्प्लाइस 0.2, सगळं मिळून दोन डीबीच्याही आत, 20 किलोमीटरवाल्या कन्व्हर्टरला हे काहीच नाही.

पण कॉर्ड छोटी घ्या हे वेगळ्या कारणासाठी मीही सांगेन, जास्तीची वायर लोक मुठीएवढी गुंडाळून झिप टायने आवळतात. साधी जी.652 या मानकाची काच 30 मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळवली की उजेड गळायला लागतो, 1550 चा आधी, म्हणजे तुमच्या लिंकची एक दिशा आधी मरते. म्हणून पाकिटावर जी.657.ए2 लिहिलेली मागा, ती साडेसात मिलिमीटरपर्यंत वळण सोसते, ए1 असेल तर दहा. बांधायला वेल्क्रोची पट्टी वापरा. पॅक हाउसमध्ये उंदीर असणार, तिथे आतून स्टीलची लवचिक नळी असलेली आर्मर्ड कॉर्ड थोडी महाग पडली तरी घ्याच. आणि जिथे बायामाणसं दिवसभर बंद शेडमध्ये काम करतात तिथे एलएसझेडएच (कमी धुराच्या, हॅलोजन नसलेल्या) आवरणाची घ्या, पीव्हीसी पेटलं तर काळा धूर आणि आम्लाची वाफ होते, एलएसझेडएचमध्ये धूर कमी आणि हॅलोजन नसतो. पाकिटात प्रत्येक टोकाचा इन्सर्शन लॉस (जोडावर किती डीबी जातात ते) लिहिलेली चिठ्ठी असते, 0.3 किंवा कमी असेल तर घ्या, चिठ्ठीच नसेल तर दुसरं दुकान बघा.

प्रश्न : ऑफिसच्या दोन मजल्यांमध्ये 80 किलोमीटरवाला एसएफपी मिळतोय, जास्त ताकदीचा घेतलेला बरा ना? — इंदिरानगर

उत्तर : नको. 80 किलोमीटर जायला केलेला लेझर 50 मीटरवर समोरच्याच्या डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा होतो, समोरचा रिसीव्हर आंधळा होतो आणि खराबही होऊ शकतो. 10 किलोमीटरवाला घ्या, स्वस्तही पडेल. लांबचा आधीच घेऊन बसला असाल तर मधे योग्य मापाचा अ‍ॅटेन्युएटर (उजेड मुद्दाम कमी करणारा तुकडा) टाकल्याशिवाय चालू करू नका.

प्रश्न : कनेक्टरवरच्या छोट्या टोप्या फेकून दिल्या तर चालतं का? — पंचवटी

उत्तर : ठेवा, एका डबीत, झाकण लावून. कॉर्ड काढली की टोकाला आणि रिकाम्या पोर्टला लगेच टोपी घाला. पण टोपी घातली होती म्हणून टोक स्वच्छ आहे असं धरू नका, टोपीच्या आतही धूळ आणि प्लास्टिकचा चिकटपणा असतो, अगदी नव्या पाकिटातल्या कॉर्डलासुद्धा, तेव्हा लावायच्या आधी एकदा क्लीनर दाबायचाच.